तो म्हणतो महिना पंधरा हजार: गोव्यात मुलाच्या पोटगीसाठी खरी मिळकत कोर्टापुढे कशी आणायची

घटस्फोट झाला, मूल आईकडे राहिलं, आणि पोटगीच्या अर्जाला वडिलांचं उत्तर आलं की आपली मिळकत महिना पंधरा हजार. सोबत इन्कम टॅक्स रिटर्नची प्रतही जोडलेली. गावात मात्र सगळ्यांना ठाऊक असतं की त्याच्या खोल्या सीझनभर पर्यटकांना जातात आणि दारात नवी गाडी उभी आहे. आई वकिलाला पहिलं वाक्य सांगते, "खोटं बोलतो तो." असेलही, पण या वाक्यावर कोर्ट एक रुपयाही वाढवून देत नाही. रिटर्न भरून देण्याचं काम मी रोज करते, त्यावरून सांगते: रिटर्नमधला आकडा पुष्कळदा कायद्याप्रमाणे बरोबर असतो. तो करपात्र उत्पन्नाचा आकडा असतो, आणि घर चालवायला हातात येणारा पैसा त्याहून बराच वेगळा असू शकतो. या दोन आकड्यांमधलं अंतर कागदावर मांडणं हे तुमचं काम. गोव्यात या अंतराला एक खास कारणही आहे, आणि ते बाहेरच्या राज्यांतल्या मार्गदर्शनात सापडत नाही. त्याबद्दल पुढे सविस्तर लिहिलं आहे.

आधी मुलाचा खर्च लिहून काढा

त्याच्या मिळकतीमागे धावण्याआधी मुलाला किती लागतं ते सांगता आलं पाहिजे. एक वही घ्या. शाळेची फी, बस, शिकवणी, वह्या-पुस्तकं, गणवेश, डॉक्टर, औषधं, दूध-भाजी, घरभाड्यातला मुलाचा वाटा, इंटरनेट, चवथीचे कपडे, सगळं लिहा. वर्षातून एकदा होणाऱ्या खर्चाला बाराने भागा. फी वर्षाला २४,००० असेल तर महिन्याच्या खात्यात २,००० धरा. जिथे पावती आहे तिथे ती जोडा. नसेल तिथे अंदाज लिहा, पण फुगवू नका. उलटतपासणीत एक फुगवलेला आकडा सापडला की बाकीच्या खऱ्या आकड्यांवरही संशय येतो.

अर्ज कुठे करायचा

बहुतेकांसाठी सोपी वाट म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम १४४. १ जुलै २०२४ पूर्वी हेच काम फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १२५ खाली चालायचं. हे कलम धर्म बघत नाही, आणि आई-वडिलांचं लग्न झालं होतं की नाही यावर मुलाचा हक्क अवलंबून नसतो. अर्ज प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांकडे जातो. तुम्ही राहता त्या भागातल्या कोर्टातही तो करता येतो, म्हणजे तो वास्कोला आणि तुम्ही डिचोलीला असाल तर तुम्ही वास्कोच्या खेपा घालायला नकोत. घरात छळ झाला असेल तर २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार प्रतिबंधक कायद्याखालीही मुलांसाठी आर्थिक मदत मागता येते. दोन्हीकडे अर्ज केलात तर एकाची माहिती दुसऱ्या कोर्टाला द्यावीच लागते.

वकिलाच्या फीमुळे थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा प्राधिकरण कायद्याच्या कलम १२ प्रमाणे महिलांना आणि मुलांना मोफत वकील मिळतो, त्यांची मिळकत कितीही असो. उत्तर आणि दक्षिण गोव्याची जिल्हा विधी सेवा प्राधिकरणं आहेत, आणि १५१०० या क्रमांकावर फोन करता येतो.

घटस्फोट परस्परसंमतीने झाला असेल आणि तेव्हा "मला काही नको" असं लिहून दिलं असेल, तरी ते तुमच्यापुरतं. मुलाचा हक्क आईच्या सहीने सुटत नाही. आणि पोटगीचा आदेश आधीच झालेला असून रक्कम आता अपुरी पडत असेल, तर नवा दावा नको, नागरिक सुरक्षा संहितेच्याच कलम १४६ खाली ती वाढवून मागा.

तुमचं स्वतःचं पॅन उघडा

आता गोव्याची खास गोष्ट. इथे लग्न करताना जोडप्याने लग्नापूर्वीचा वेगळा करार केलेला नसेल तर पोर्तुगीज नागरी संहितेप्रमाणे दोघांची मालमत्ता सामाईक धरली जाते. इन्कम टॅक्सने हे मान्य केलं आहे. १९६१ च्या आयकर कायद्याच्या कलम ५अ प्रमाणे अशा जोडप्याचं घरभाडं, धंद्याचा नफा, भांडवली नफा आणि इतर उत्पन्न दोघांत निम्मं निम्मं वाटून दोघांच्या रिटर्नमध्ये दाखवलं जातं. पगार तेवढा वाटला जात नाही, तो ज्याचा त्याच्याच नावावर राहतो.

म्हणजे लग्न टिकून असतानाच्या वर्षांचं त्याचं रिटर्न कोर्टात आलं आणि त्यात भाड्याचे दीड लाख दिसले, तर घरात आलेलं भाडं बहुधा तीन लाख होतं. उरलेले दीड लाख कुठे गेले? तुमच्या रिटर्नमध्ये. ते रिटर्न तुम्ही कधी पाहिलेलंही नसेल.

हे माझ्या टेबलासमोर वारंवार घडतं. बाई म्हणते, मी कधी नोकरी केली नाही, माझं कसलं रिटर्न. आम्ही तिच्या पॅनने आयकराचं पोर्टल उघडतो. पासवर्ड माहीत नसतो आणि जुना मोबाईल नंबर नवऱ्याचा असतो, म्हणून आधार ओटीपीने तो बदलतो. भरलेल्या रिटर्नांच्या यादीत चार-पाच वर्षांची रिटर्नं ओळीने उभी असतात. त्यांतलं एक डाऊनलोड करून खाली खाली जात राहिलं की "शेड्यूल ५अ" नावाचा छोटा तक्ता येतो. वर जोडीदाराचं नाव आणि पॅन. खाली घरभाडं, धंदा, भांडवली नफा, इतर अशा ओळी, आणि प्रत्येक ओळीत आधी पूर्ण रक्कम, मग जोडीदाराच्या वाट्याला दिलेली रक्कम, शेवटी टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापलेला कर. आयटीआर-२ आणि आयटीआर-३ या दोन्ही फॉर्ममध्ये हा तक्ता असतो. त्याने कोर्टात रिटर्नच्या पोचपावतीचं एकच पान जोडलं असेल तर त्यात हा तक्ता दिसणार नाही. म्हणून पोचपावती पुरे मानू नका, पूर्ण रिटर्न मागा.

हे पोर्टल उघडायची दोन कारणं आहेत. एक म्हणजे पुरावा तुमच्याच खात्यात पडून असतो. दुसरं कारण जास्त निकडीचं. तुमच्या नावावर दाखवलेल्या या उत्पन्नाचा आधार घेऊन समोरचा वकील म्हणू शकतो की बाईला स्वतःची मिळकत आहे. तो पैसा तुमच्या हातात कधी आला नाही, तुमच्या बँक खात्यात जमा झाला नाही, हे तुम्ही आपल्या शपथपत्रात स्वतःहून लिहून टाका. मागाहून दिलेलं स्पष्टीकरण सबबीसारखं वाटतं.

घटस्फोटानंतर ही विभागणी चालत नाही. घटस्फोट झाल्यावरही तो निम्मं तुमच्या पॅनवर टाकत असेल तर तीच गोष्ट कोर्टाला दाखवा.

आकडा कायदेशीर रीतीने लहान कसा होतो

समजा मोरजीला सहा खोल्यांचं गेस्ट हाऊस आहे. सीझनच्या १५० रात्री, सरासरी साठ टक्के खोल्या भरलेल्या, एका रात्रीचे २,००० रुपये. ५४० खोली-रात्री झाल्या आणि जमा १०,८०,०००. छोट्या धंद्याला हिशेबाच्या वह्या न ठेवता अंदाजी नफा दाखवायची मुभा आयकर कायद्याने दिली आहे (१९६१ च्या कायद्यात कलम ४४अड): डिजिटल जमेवर किमान सहा टक्के, रोखीवर आठ. सगळी जमा डिजिटल धरली तर नफा ६४,८००. त्याचे कलम ५अ ने दोन भाग, म्हणजे ३२,४००. महिन्याला २,७००! नियमाच्या किमान आकड्यावर राहून भरलेल्या रिटर्नमधून दहा लाखांचा धंदा असा दिसतो. वीज, नोकर, कमिशन, दुरुस्ती वजा करून खरं काय उरतं ते वेगळं काढावं लागतं, आणि ते काढून दाखवायला कोर्ट त्यालाच सांगू शकतं.

असाच प्रकार मालवाहू टिपरचा. तिथे गाडीमागे महिन्याला ठरलेली रक्कम उत्पन्न धरतात, गाडीने प्रत्यक्षात किती कमावलं ते विचारत नाहीत. हिशेबाच्या वह्या ठेवणाऱ्याच्या नफ्यातून घसारा, म्हणजे गाडी-यंत्रं जुनी होण्याची वजावट, वजा होतो, पण घसाऱ्यासाठी त्या वर्षी खिशातून पैसा जात नाही. कुळागराचं, म्हणजे सुपारी-नारळाच्या बागायतीचं, उत्पन्न शेतीचं, म्हणून त्यावर आयकरच नाही. सुपारी, नारळ, काजू विकल्याचा हिशेब सहकारी संस्थेच्या किंवा व्यापाऱ्याच्या बिलांत सापडतो, म्हणून करपात्र आकड्याशी थांबू नका.

तारवट्यांचं तर वेगळंच. परदेशी जहाजावर काम करणारा माणूस वर्षातला मोठा भाग देशाबाहेर असेल तर करासाठी अनिवासी ठरतो, आणि त्याचा जहाजावरचा पगार भारतातल्या एनआरई (अनिवासी भारतीयाच्या) खात्यात जमा झाला तरी करपात्र नसतो. केंद्रीय प्रत्यक्ष कर मंडळाने २०१७ मध्ये परिपत्रक काढून हे स्पष्ट केलं आहे. त्यामुळे डॉलरमध्ये पगार घेणाऱ्याचं रिटर्न शून्याचं असू शकतं, किंवा त्याने ते भरलेलंच नसतं. अशा वेळी रिटर्नवर वाद घालण्यात वेळ घालवू नका. त्याची सीडीसी, म्हणजे प्रत्येक फेरीच्या नोंदी असलेलं पुस्तक, मागा. सोबत नेमणुकीचं करारपत्र, पगाराच्या स्लिपा आणि एनआरई खात्याचं स्टेटमेंट. "सध्या मी घरी आहे, जहाज नाही" असं तो म्हणाला तर सीडीसीतल्या मागच्या चार-पाच वर्षांच्या नोंदी दाखवा. दोन कंत्राटांमधली सुट्टी म्हणजे बेकारी नव्हे.

कोर्टात जाण्याआधी जे कागद कुणालाही मिळतात

जमिनीचा १/१४ उतारा ऑनलाईन निघतो. सर्वे नंबर माहीत असला की झालं. गाडीच्या नंबरावरून वाहन पोर्टलवर तिच्या नोंदणीची प्राथमिक माहिती मिळते. जीएसटीच्या पोर्टलवर नंबर टाकला की धंद्याचं नाव, पत्ता आणि विवरणपत्रं भरली जातात की नाही हे दिसतं. तो एखाद्या कंपनीत संचालक असेल तर त्या कंपनीचे ताळेबंद कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येतात.

गोव्यात पर्यटकांना खोल्या द्यायच्या तर १९८२ च्या पर्यटन व्यवसाय नोंदणी कायद्याखाली नोंदणी लागते. बारला अबकारी परवाना लागतो, दुकानाला पंचायतीचा किंवा पालिकेचा. परवाना कुणाच्या नावावर, कधीपासून, किती खोल्यांचा, हे माहितीच्या अधिकारात विचारता येतं. परवाना भावाच्या किंवा आईच्या नावावर निघाला तरी निराश होऊ नका. बुकिंगसाठी कुणाचा मोबाईल नंबर दिला आहे, यूपीआयचे पैसे कुणाच्या खात्यात जातात, पाहुण्यांच्या रिव्ह्यूमध्ये कुणाचं नाव येतं, ते पाहा आणि तारखेसह टिपून ठेवा.

त्याचं इन्कम टॅक्स रिटर्न मात्र माहितीच्या अधिकारात मागू नका. ती वैयक्तिक माहिती धरली जाते, सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तसं म्हटलं आहे. ते कोर्टामार्फतच मिळवावं लागतं.

शपथपत्रात लढाई जिंकता येते

४ नोव्हेंबर २०२० च्या रजनेश विरुद्ध नेहा या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिलं की पोटगीच्या प्रत्येक प्रकरणात दोन्ही बाजूंनी मिळकत, मालमत्ता आणि देणी यांचं शपथपत्र ठरलेल्या नमुन्यात द्यायचं. समोरच्याला त्यासाठी जास्तीत जास्त चार आठवडे. तो टाळाटाळ करत राहिला तर त्याचा बचाव काढून टाकता येतो. शेतीवर जगणाऱ्यांसाठी वेगळा नमुना आहे. त्याच निकालाने पोटगी अर्जाच्या तारखेपासून द्यायची असंही सांगितलं, म्हणून तारखा पडत राहिल्या तरी तुमची मधली रक्कम बुडत नाही.

त्याचं शपथपत्र आलं की घाईने उत्तर देऊ नका. शांतपणे, पेन्सिल घेऊन, ओळ न् ओळ वाचा. रिकाम्या सोडलेल्या रकान्यांभोवती गोल करा. मग एका कागदावर दोन रकाने आखा: एका बाजूला तो सांगतो ती मिळकत, दुसऱ्या बाजूला तो दर महिन्याला करतो तो खर्च. मिळकत पंधरा हजार, गाडीचा हप्ता चौदा हजार, विमा, पेट्रोल, मोबाईल, जेवणखाण. बेरीज मिळकतीच्या वर गेली की कोर्टापुढे एकच प्रश्न उरतो: वरचा पैसा कुठून येतो? ज्या गोष्टी फक्त त्यालाच माहीत आहेत त्या सिद्ध करण्याचं ओझं त्याच्यावर असतं. भारतीय साक्ष अधिनियमाचं कलम १०९ तेच सांगतं.

मग वकिलाकरवी कागद हजर करण्याचा अर्ज करा, फौजदारी कोर्टात नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ९४ खाली. "सगळी कागदपत्रं" असं मोघम मागितलं तर काहीच हाती लागत नाही. नेमकं मागा. सर्व बँक खात्यांची तीन वर्षांची स्टेटमेंट, बंद केलेल्या खात्यांसकट. शेड्यूल ५अ सह पूर्ण रिटर्न. फॉर्म २६एएस (कापलेल्या कराचा तपशील) आणि वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, जे तो स्वतःच्या लॉगिनने पाच मिनिटांत डाऊनलोड करू शकतो. एआयएसमध्ये बचत खात्यातली मोठी रोख जमा, म्युच्युअल फंड, जमिनीचे व्यवहार, क्रेडिट कार्डची मोठी बिलं दिसतात. बुकिंगच्या वेबसाईटवरून खोल्या जात असतील तर २६एएसमध्ये आयकर कायद्याच्या कलम १९४ओ खाली टीडीएस असेल. ऑक्टोबर २०२४ पासून त्याचा दर ०.१ टक्का आहे. ६०० रुपये टीडीएस दिसला की त्यामागे सहा लाखांची विक्री आहे असं समजा.

माझ्या मते सगळ्यांत बोलका कागद म्हणजे बँकेतला कर्जाचा अर्ज. कर्ज घेताना माणूस आपली मिळकत कमी सांगत नाही. गाडीचं किंवा घराचं कर्ज असेल तर तो अर्ज आणि सोबतचे मिळकतीचे कागद बँकेकडून मागवायला कोर्टाला सांगा.

मोबाईलमधले मेसेज, फोटो, स्क्रीनशॉट द्यायचे असतील तर साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र जोडावं लागतं. ते दोन भागांत असतं, आणि दुसरा भाग तज्ज्ञाने भरायचा असतो. ही तयारी सुनावणीच्या आदल्या दिवसावर ठेवू नका.

हे करू नका

त्याचा जुना पासवर्ड आठवतो म्हणून त्याच्या ईमेलमध्ये, बँकेत किंवा आयकर खात्यात शिरू नका. तो गुन्हा आहे, आणि तुमची बाजू एका दिवसात कमजोर होते. आयकर खात्याला करचुकवेगिरीची तक्रार रागाच्या भरात देऊ नका. लग्नाच्या काळातल्या उत्पन्नाचा निम्मा भाग कलम ५अ ने तुमच्या नावावर आहे, म्हणजे नोटीस तुमच्याही दारात येऊ शकते. आणि मुलाला "बाबांकडे काय काय नवीन आहे" असं विचारून माहिती काढू नका. त्याची किंमत मूल मोजतं.

मिळकत खरंच कमी असेल तेव्हा

हेही घडतं. १ जून ते ३१ जुलै ट्रॉलर बंद असतात, पावसाळ्यात शॅक उतरवलेले असतात. २०१८ च्या सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या तेव्हा कितीतरी टिपर अंगणात उभे राहिले आणि हप्ते थकले, ते नाटक नव्हतं. म्हणून जुलैचं बँक स्टेटमेंट दाखवून तो म्हणाला "बघा, काही नाही", किंवा तुम्ही डिसेंबरचं दाखवलंत, तर दोन्ही अपुरी. पूर्ण बारा महिने मागा आणि सरासरी काढा.

पण धडधाकट माणसाने नोकरी सोडली म्हणून मुलाची जबाबदारी सुटत नाही. अंगमेहनत करूनही कुटुंबाला पोसावं लागेल, असं सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये भुवन मोहन सिंग प्रकरणात म्हटलं. राजीनाम्याची तारीख पोटगीच्या नोटिशीच्या तारखेशेजारी ठेवून दाखवा. स्वतःहून घेतलेल्या कर्जांचे हप्ते मिळकतीतून वजा करून "उरतं एवढंच" म्हणणंही कोर्ट सहसा मानत नाही. लोक सांगतात तो "पगाराच्या पंचवीस टक्के" हा काही नियम नाही. २०१७ च्या एका निकालात पत्नीच्या पोटगीसंदर्भात तो आकडा आला होता. मुलाची रक्कम त्याच्या गरजेवर आणि दोन्ही पालकांच्या ऐपतीवर ठरते. तुम्ही कमावत असाल तर तुमचाही वाटा धरला जाईल.

अंतरिम रक्कम, तडजोड आणि वसुली

मुख्य निकालाची वाट पाहू नका. अंतरिम पोटगीचा अर्ज पहिल्याच दिवशी द्या. नोटीस मिळाल्यापासून शक्यतो साठ दिवसांत त्यावर निर्णय व्हावा असं कायदा सांगतो. प्रत्यक्षात उशीर होतो, म्हणून दर तारखेला वकिलाला त्याची आठवण करून द्या. या टप्प्यावर कोर्ट मिळकतीचा अंदाजच धरतं, आणि तो वर धरला जाईल की खाली हे तुमच्या दोन रकान्यांच्या कागदावर बरंच ठरतं.

मध्यस्थीत बसलात तर एका ठोक रकमेवर अडून राहू नका. शाळेची फी त्याने थेट शाळेत भरायची, आरोग्य विमा त्याच्या खर्चाने, बाकी रक्कम दर महिन्याच्या ठरलेल्या तारखेला मुलाच्या खात्यात, आणि दर वर्षी ठरलेल्या टक्क्यांनी वाढ, असं लिहून घ्या. वाढीचं कलम नसेल तर तीन वर्षांनी पुन्हा कोर्टाची पायरी चढावी लागते.

रक्कम रोख घेऊ नका, बँकेतूनच घ्या. थकली तर कलम १४४ खाली वसुलीचं वॉरंट मागता येतं, आणि तरीही दिली नाही तर थकलेल्या प्रत्येक महिन्यासाठी एक महिन्यापर्यंत कैद होऊ शकते. मात्र वॉरंटचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "देईन, देईन" यावर विसंबून वर्ष उलटलं की त्या महिन्याची ही वाट बंद होते. म्हणून कॅलेंडरवर थकलेला प्रत्येक महिना मांडा, आणि तीन महिने साचले की अर्ज करा.